पाण्याखालचा पंख

गवई सरांच्या खिशात पेन नसायचा. त्या जागी लाल खडूचा तुकडा असायचा आणि त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या खिशाला खालून गुलाबी डाग पडलेला असायचा. आमच्या आयटीआयची पोरं मागून त्यांना 'लालखडू' म्हणत. स्टाफरूममध्ये आम्हीही म्हणायचो, पण हळू आवाजात. कारण आमच्या सगळ्यांच्या घरची कुलपं, नळ आणि कूलरचे पंप तेच दुरुस्त करून द्यायचे.

ते फिटर ट्रेडचे निदेशक. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. कुठल्याही कामात दोष दिसला, की ज्याला तो पहिल्यांदा दिसला त्याने त्याभोवती लाल खडूने गोल काढायचा आणि शेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. मग तो दोष स्वतःच्या कामातला असो नाहीतर दुसऱ्याच्या. आणि काम दुरुस्त झाल्याशिवाय ती खूण कोणी पुसायची नाही.

"याले चुगली म्हनत नाही बे," ते पोरांना सांगायचे. "पाहून चूप बसला तं पुढच्याचा हात जाते. अन् अक्षर यासाठी, का उद्या कोनी इचारलं तं सांगता आलं पाह्यजे, मी पाह्यलं होतं."

चिखलीच्या बाहेर, बुलढाण्याच्या रस्त्याला लागून आमची ही खासगी संस्था. मी तिथं ड्रॉइंग शिकवायचो, अजूनही शिकवतो. नाव शेळके. माझ्याबद्दल एवढं पुरे, पुढे नको तितकं येणारच आहे.

संस्थेचं नवं लोखंडी फाटक बसवलं त्या दिवशी अध्यक्षसाहेब फीत कापायला आले होते. सगळे टाळ्या वाजवत असताना गवई सर वाकून बिजागरीचा जोड बघत होते. त्यांनी खिशातून खडू काढला, वेल्डिंगभोवती शांतपणे गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'ग'. फाटक बनवणारा अध्यक्षांच्या पाहुण्यांपैकी होता. अध्यक्ष हसले, पण त्या हसण्यात दात फार दिसले. फाटक पुढच्याच पावसाळ्यात त्याच जोडापाशी सुटलं. तोवर खूण धुऊन गेली होती आणि ती कोणी काढली होती हे कोणाला आठवायचंही नव्हतं. गटनिदेशकाची, म्हणजे निदेशकाच्या वरची बढतीची जागा मात्र पुढे दोन वर्षं रिकामी राहिली. सेवाज्येष्ठतेने ती सरांची होती. ती मला मिळाली. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालंही, की गवई कोट्यातून आले, त्यांना अजून काय पाहिजे? फिटरच्या परीक्षेत ते विभागात पहिले आले होते हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. मी चहा पीत राहिलो. माझं अभिनंदन करायला पहिले आले ते गवई सरच. "तुमची रेघ चांगली हाय, शेळके सर," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला सगळ्या विभागांत यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचे हार आणि नारळ. सर बौद्ध. त्यांच्या विभागात त्या दिवशी लेथ उघडून धुतली जायची आणि नव्या तेलाने पुसली जायची. "मशीनले तेल पाह्यजे. खोबरं मानसाले पाह्यजे," असं म्हणून ते आमच्या विभागात यायचे आणि प्रसादाचं खोबरं हात पुढे करून घ्यायचे. गुळाबरोबर चवीनं खायचे. त्यांना कशाचा राग नव्हता. निदान मला तरी तो कधी दिसला नाही, आणि आता वाटतं की मी नीट बघितलंच नव्हतं.

आम्ही दोघं बुलढाण्याहून रोज एकाच एसटीने जायचो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा एका सकाळी सरांनी मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. समुद्रावर कुठेतरी एक माणूस फळीवर उभा होता आणि फळी पाण्याला टेकलेलीच नव्हती. चांगली हातभर वर. खाली नुसता एक खांब पाण्यात गेलेला.

"हे काय जादू हाय का, सर?" मी विचारलं.

"खिडकीतून हात बाहेर काढा."

मी काढला.

"तळवा खाली. आडवा धरा, पाट्यावानी. आता आंगठ्याकडची बाजू जराशी वर करा."

मी केली आणि वाऱ्याने माझा हात असा काही वर उचलला, की कोपर खिडकीच्या चौकटीवर आपटलं. "ओ सर, हात आत घ्या!" कंडक्टर ओरडला. गवई सर खुदकन हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"हवेनं इतका उचलला. पानी तं हवेपेक्षा कितीतरी जड. पान्यात असा पंख चालवला तं मानूस सहज उचलल. मले हे करून पाह्याचं हाय."

फळी त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. अर्ध्या तासावरच्या धरणावर कधीकाळी जलक्रीडा केंद्र निघालं होतं. मोठा फलक लागला, दोन हंगाम बोटी फिरल्या, मग कुलूप. उभ्यानं वल्हवायच्या चार फळ्या शेडमागे उन्हात पडून होत्या. सरांनी रीतसर अर्ज करून त्यातल्या त्यात धड अशी एक मिळवली. या कामी त्यांना मदत केली ती किसनभाऊंनी. किसनभाऊ त्या धरणावर मासे धरतात. थर्माकोलच्या लादीवर मांडी घालून बसायचं, हाताच्या पंजांनी पाणी मारत जाळ्यापर्यंत जायचं, हे त्यांचं रोजचं. त्यांनी फळी बघितली आणि म्हणाले, "सर, माही लादी बसून चालते. तुमची उभ्यानं चालवून का भेटनार हाय?"

"भेटत तं काहीच नाही, किसनभाऊ. वर उचलते का नाही, एवढंच पाह्याचं."

पहिला पंख त्यांनी छताच्या पंख्याची पाती जोडून केला. तो पाण्यात वाकला. दुसरा जुन्या पलंगाच्या सागवानाचा केला. तो छान तासला, पण पाणी पिऊन फुगला आणि त्याचा आकार गेला. वरून फुगीर, खालून सपाट, पुढची कड गोलसर आणि मागची सुरीसारखी निमुळती, असा तो आकार. केसाइतका फरक पडला तरी सर मान हलवायचे. त्याची रेखाटनं मी करून दिली. तीन वेळा त्यांनी माझ्या कागदावर लाल गोल काढून शेजारी 'ग' लिहिलं. चौथा कागद लाल खुणेविना परत आला तेव्हा मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला होता.

तिसऱ्या पंखासाठी त्यांनी पत्र्याचे साचे कापले. पंखाच्या दर चार बोटांवर एकेक साचा लावून बघायचा, जिथं साचा टेकून उजेड अडेल तिथं कानस फिरवायची. मग कूलरच्या फायबर बॉड्या बनवणाऱ्याकडून त्यावर फायबरचा पातळ थर चढवून आणला. आत सागवान, वर फायबर, त्यावर चंदेरी रंग. बघणाऱ्याला लोखंडच वाटावं. खाली हा मोठा पंख, मागे शेपटीसारखा छोटा, दोन्ही एका नळीवर, आणि नळीपासून फळीपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा हातभर खांब. शेपटीचा कोन बदलायला पातळ वायसर. या सगळ्यात आठ महिने गेले. स्टाफरूममध्ये रोज एक नवा विनोद व्हायचा. सर रिटायर होऊन धरणावर कुल्फी विकणार, फळीवरून होम डिलिव्हरी देणार. मीही हसायचो. मग वर्कशॉपमध्ये जाऊन पंखाची दुसरी बाजू धरायचो. दोन्ही कामं मला जमत होती.

ओढायला मोटरबोट नव्हती. किसनभाऊंनी तोड काढली. धरणाच्या भिंतीवरून त्यांची मोटरसायकल चालवायची आणि लांब दोराने खालच्या पाण्यातली फळी ओढायची. एका रविवारी सकाळी आम्ही तिघंच तिथं होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी गवई सर चड्डी-बनियनवर, चष्मा दोरीने डोक्याला बांधलेला, फळीवर उभे. पडले. परत चढले. पुन्हा पडले. दर वेळी काठावर येऊन शेपटीखाली एक वायसर घालायचे किंवा काढायचे. ऊन चांगलं वर आलं तेव्हा कधीतरी किसनभाऊंनी गाडी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर टाकली आणि फळी उचलली गेली.

मला आठवतो तो आवाज. म्हणजे आवाज थांबला ते. तोवर फळीचं पाण्यावर थडथडणं चाललं होतं. ते एकदम बंद पडलं. सर गुडघे वाकवून, एका हाताने दोर धरून, पाण्याच्या वीतभर वरून गुपचूप पुढे जात होते आणि खाली चंदेरी काहीतरी हलत होतं. मी मोजलं नाही, पण दहा-बारा सेकंद असतील. किसनभाऊंनी मोबाइल एका हातात धरून ते टिपलं, आणि त्या नादात गाडी भिंतीवरून खाली घालता घालता वाचले.

सर पोहत काठाशी आले. मला वाटलं, नाचतील. ते दगडावर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेळके सर, ऐकलं? आवाजच नव्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "आता एकदा त्यायच्यासमोर उचलली पाह्यजे. बस. मंग मी सुखानं घरी जातो."

त्यायच्या म्हणजे कोणाच्या, हे मी विचारलं नाही. तेहतीस वर्षं ज्यांनी त्यांचं काम वापरलं आणि नाव घेतलं नाही, ते सगळे. त्यात मीही आलो.

किसनभाऊंची चित्रफीत आठवडाभरात चिखलीभर फिरली आणि अध्यक्षांच्या मोबाइलवर पोचली. लगेच ठरलं की संस्थेच्या वर्धापनदिनी धरणावर जाहीर प्रात्यक्षिक करायचं. पत्रिकेत छापलं होतं, 'संस्थेचा अभिनव प्रयोग'. गवई सरांचं नाव सगळ्यात खाली, विशेष सहकार्यात. मी ते त्यांना दाखवलं. "नाव कागदावर नाही उचलत, फळी उचलते," ते म्हणाले. वर्धापनदिन त्यांच्या निवृत्तीआधी अठरा दिवसांवर होता.

त्या दिवशी काठावर मांडव, खुर्च्या, माइक. लोकांना पंख नीट दिसावा म्हणून फळी दोन स्टुलांवर उलटी ठेवली होती, पंख वर. सर कपडे बदलायला शेडकडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "तुमी इथंच थांबा. कोनाले हात लावू देऊ नका. नारळ फोडायचा असंल तं खाली दगड हाय, त्याच्यावर फोडा म्हना."

"तुम्ही जा निवांत," मी म्हणालो.

अध्यक्ष आले. पंखाला हार घातला, हळदकुंकवाची बोटं ओढली. इथवर ठीक होतं. मग त्यांनी नारळ मागितला. मी म्हणालो, "साहेब, दगड इकडं आहे." ते मला नीट ऐकूही गेलं नसेल, इतकं हळू म्हणालो.

"नवा ट्रॅक्टर आनला तं नारळ ट्रॅक्टरवर फोडतो का शेजाऱ्याच्या दगडावर?" ते लोकांकडे बघून म्हणाले. लोक हसले. "लोखंडच हाय ना हे?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांनी नारळ पंखाच्या पुढच्या कडेवर मारला, चांगला खांद्यातून हात फिरवून. एका दणक्यात फुटला. टाळ्या पडल्या. नारळाचं पाणी पंखावरून कुंकू घेऊन ओघळलं. मी पुढे होऊन रुमालाने ते पुसलं आणि पुसताना अंगठ्याखाली लागलं. डाव्या बाजूला, खांबापासून वीतभर अंतरावर फायबरला एक बारीक कड उठली होती. आतलं सागवान चिरलं होतं. केसाएवढी चीर, पण मी त्या पंखाची प्रत्येक रेघ काढलेली होती. मला कळलं.

सर शेडकडून येत होते. नारिंगी लाइफ जॅकेट, दोरीचा चष्मा. लांबूनच त्यांनी विचारलं, "ठीक हाय ना, शेळके सर?"

अध्यक्ष माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते, हातात नारळाची अर्धी वाटी. चीर आहे म्हटलं तर ती कशाने पडली हेही सांगावं लागणार होतं, माइकसमोर, पाचशे माणसांत. मी मनाशी म्हटलं, केसाएवढी तर आहे, दहा सेकंद निभावेल. असं स्वतःला पटवायला मला किती वेळ लागला? सर चार पावलं चालले तेवढाच.

"ठीक आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी पंख तपासला नाही. मी होतो ना तिथं!

किसनभाऊंनी गाडी काढली. दोर ताणला गेला, फळी थडथडली आणि मग तो आवाज थांबला. फळी उचलली गेली. पाचशे माणसांच्या तोंडून एकच 'ओऽऽ' निघाला. सरांनी एक क्षण काठाकडे पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो. आणि त्याच क्षणी पंखाची डावी बाजू मोडून दुमडली. फळी आडवी झाली, सर डोक्याकडून पाण्यात फेकले गेले आणि फळीची कड त्यांच्या उजव्या खांद्यावर आदळली. लोक हसले. त्यांना काय माहीत! त्यांना वाटलं पडला बुवा माणूस पाण्यात. किसनभाऊ गाडी टाकून भिंतीवरच्या दगडांवरून धावत खाली उतरले, तेव्हा हसणं थांबलं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "प्रयत्न महत्त्वाचा असतो. आता सर्वांनी अल्पोपाहार घेऊन जावे."

उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. स्टाफरूममध्ये दुसऱ्याच दिवशी निकाल लागला. लाकूड कच्चं होतं, वय झालं होतं, हौस दांडगी होती. मी चहा पीत होतो.

दवाखान्यात भेटायला गेलो तर सरांनी मोडका पंख घरून मागवून खाटेशेजारी ठेवला होता. वहिनी वैतागल्या होत्या. "मानूस मोडला, अन् हे त्या लाकडाले पाहून राह्यले," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा आणायला खाली गेल्या. सरांनी पंख डाव्या हाताने माझ्यासमोर धरला.

"मोड पाहा. नवी मोड कोरी असते, पांढरी. हे इथली पाहा."

मी पाहिलं. मोडीचा पुढचा भाग लालसर होता. सागवानाच्या रेषांत कुंकू शिरलेलं होतं, खोलवर, जसं काही कोणी ओल्या कपड्याने ते आत चोळलं असावं.

"तुमी तिथंच थांबले होते ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"तुमाले काही दिसलं नाही."

त्यांच्या बोलण्यात प्रश्न होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणालो, "नाही, सर." वहिनी चहा घेऊन आल्या. तो मी प्यायलो. गोड झाला होता.

शेवटच्या आठवड्यात सर हात झोळीत घालून कामावर आले. अध्यक्षांची इच्छा होती की पंख काचेच्या कपाटात ठेवावा, संस्थेचा प्रयोग म्हणून. सरांनी एका हाताने तो चिकटवला, घासला, चंदेरी रंग दिला. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. श्रीफळ त्यांनी वर्कशॉपच्या शिपायाला देऊन टाकलं. सगळे पांगल्यावर ते एकटेच वर्कशॉपमध्ये गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. माझ्याजवळ थांबले, डाव्या हाताने खिसा चाचपला आणि लाल खडूचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"असू द्या तुमच्यापाशी. जातो मी, शेळके सर. साडेचारची बस हाय."

मी आत गेलो. पंख टेबलावर होता, नवाकोरा. जिथं जोडला होता तिथं लाल खडूचा एक गोल होता. डाव्या हाताने काढलेला, वाकडातिकडा. त्याच्या शेजारी तितक्याच वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'शे'.

ज्याला पहिल्यांदा दिसलं, त्याचं अक्षर. त्यांनी नियम पाळला होता. माझ्या वतीने.

उद्या काच बसणार होती आणि परवा अध्यक्ष बघायला येणार होते. मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. खडूचं काय, एका हातात निघतो. मग मला वाटलं, निदान फाटकापर्यंत तरी जावं, हात करावा.

मी फाटकाशी पोचलो तोवर बस आली होती. ती माझ्यासमोरून हळू निघाली. खिडकीशी गवई सर होते. डावा हात बाहेर काढलेला, तळवा खाली, अंगठ्याची बाजू जराशी वर, आणि वाऱ्याने तो हात हळूहळू उचलला जात होता. मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या मुठीत तो रुमाल होता, लाल झालेला.

कंडक्टर काही बोलला नव्हता. सरांनी आपणच हात आत घेतला आणि खिडकीची काच ओढून घेतली.